नखाएवढा दरवाजा

एका नखाएवढ्या चित्रापायी आयुष्याचे नऊ महिने घालवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आलो तेव्हा जे. पी. नगरातलं हे वरच्या मजल्यावरचं घर मला दोन कारणांनी पसंत पडलं होतं. घरमालक मराठी बोलत होते आणि निवृत्त होते. निवृत्त मराठी माणूस फार तर मोठ्याने पेपर वाचेल, फार तर मी चपला कुठे काढाव्यात यावर दोन शब्द बोलेल, अशी माझी समजूत. हा माणूस खालच्या खोलीत बसून भुताटकीचा कॉम्प्युटर गेम तयार करतो आहे, हे भाड्याच्या करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या घराण्याला बंगळुरात तीन पिढ्या झाल्या, त्यामुळे त्यांचं मराठी मधूनच कानडीत शिरतं आणि जरा फिरून परत येतं. छत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काढली आणि ती छत्तीस वर्षं अजून त्यांच्या बोटांतून गेलेली नाहीत. वाण्याची यादीसुद्धा ते तीन मिलीमीटर उंचीच्या सरळ अक्षरांत लिहितात आणि कोथिंबिरीपुढे 'एक जुडी, अधिक-उणे शून्य' असं टाकतात. मी भिंतीवर आईबाबांचा फोटो लावला तेव्हा ते लेव्हल घेऊन वर आले, फोटो सरळ आहे आणि भिंतच तिरपी आहे असं मला सिद्ध करून दाखवलं, आणि वर माझीच क्षमा मागितली, कारण भिंत त्यांची होती. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते आधी उत्तर दिशा ठरवतात. तोवर रिक्षावाला निघून जातो आणि ते चालत येतात.

तो कारखाना बंद पडला, मग पाडला गेला, आणि तिथे आता उंच इमारतींची वसाहत आहे. ज्या जागी अण्णांचा ड्रॉइंग बोर्ड होता त्या जागी पोहण्याचा तलाव झाला आहे. जुन्या आणि नव्या नकाशांवर मापं टाकून त्यांनी हे काढलं. 'उथळ बाजूला,' असं ते सांगतात, आणि त्यात त्यांना जरा तरी समाधान आहे असं मला नेहमी वाटतं. त्यांनी काढलेली ड्रॉइंग्ज बावीस वर्षं तपासणारे त्यांचे चेकर निवृत्तीनंतर शहराबाहेर आनेकलला राहत. दर महिन्याला अण्णा बसने आनेकलला जात आणि दोघं बसून कारखान्यातल्या कुठल्या खांबापासून कुठला खांब किती अंतरावर होता यावर भांडत. ते चेकर वारले, भांडायला कुणी उरलं नाही, आणि अण्णांनी व्हिडिओ बघत बघत, पहिल्यापासून शिकत, तो सबंध कारखाना कॉम्प्युटरवर उभा करायला घेतला. त्याला तीन वर्षं लागली. हा गेम आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव 'सेकंड शिफ्ट' ठेवलं.

गेममध्ये काय होतं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. दुपारी अडीच वाजता आपण कारखान्याच्या फाटकातून आत जायचं आणि रात्री साडेदहापर्यंत आत राहायचं. बस. भूत कधी येतं असं मी विचारलं. अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"अख्खा कारखाना रिकामा आहे रे," ते म्हणाले. "अजून किती भूत पाहिजे तुला?"

यावर मी हसलो आणि आत जाऊन बघायचं पुढच्या रविवारवर टाकलं. नंतर असे बरेच रविवार आले.

गेम झाला आणि खरी साडेसाती सुरू झाली. असे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात रोज ढिगाने नवे गेम येतात, आणि गिऱ्हाईकाला त्यातलं दिसतं काय, तर एकेक छोटं चित्र, थंबनेल. बोट त्यावर थांबलं तर थांबलं, नाहीतर गेम गेला खाली, कायमचा. मी आयटीतला, म्हणून हे ज्ञान मीच मोठ्या तोऱ्यात त्यांना दिलं. अण्णांनी शांतपणे पट्टी आणली, माझा फोन मागितला आणि पडद्यावरच्या एका थंबनेलची रुंदी मोजली. अठरा मिलीमीटर. त्यांनी आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बराच वेळ बघितलं. तीन वर्षं घालून एकेक खांब उभा केलेला तो कारखाना, आणि त्याचं फाटक एवढं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पण अण्णा कामाला लागले आणि कारखान्याच्या शिस्तीने लागले. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट, चौकटीत तीन रकाने: ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. काढणारे ते. तपासणारा मी. काढणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून काढलेलं त्यानेच तपासायचं नाही, हा नियम त्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता आणि माझ्यासाठी मोडणार नव्हते. अप्रूव्हडच्या रकान्यात काय करायचं ते पुढे बघू म्हणाले. पहिलं चित्र रिव्हिजन ए. मग बी, सी, डी. एच नंतर एकदम जे आलं तेव्हा मी चूक काढल्याच्या आनंदात बोट ठेवलं, तर आय आणि ओ ही अक्षरं आकड्यांसारखी दिसतात म्हणून ड्रॉइंगमध्ये वापरत नाहीत, हे मला दहा मिनिटं ऐकावं लागलं. झेडच्या पुढे गेलेलं ड्रॉइंग आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, असंही ते म्हणाले. म्हणजे चोवीस चित्रांत हे सगळं संपेल, असा मी त्यातून दिलासा घेतला.

चित्र लहान करून फोनवर बघणं त्यांना पटत नसे. फोन खोटं बोलतो, एकाचा उजळ असतो, एकाचा मळका. त्याऐवजी त्यांनी त्रिकोणमितीने हिशेब केला की मोठ्या कागदावरचं चित्र किती लांबून बघितलं म्हणजे हातातल्या फोनवरच्या थंबनेलएवढं दिसेल. उत्तर आलं आठ मीटर सतरा सेंटिमीटर. कागद आमच्या फाटकावर चिकटवला, टेप धरून रस्त्यापलीकडे खडूची रेघ मारली, आणि ती रेघ नेमकी शहाळीवाल्याच्या गाडीपुढे आली. तेव्हापासून आमच्या गल्लीत सुखाने शहाळं पिणं कुणाला शक्य झालं नाही. स्ट्रॉ तोंडात असतानाच अण्णा शेजारी उभे राहत आणि समोर काय दिसतं ते विचारत. रिव्हिजन सी मध्ये कारखान्याची सगळी इमारत होती, करवतीच्या दात्यांसारख्या छपरासकट. शहाळीवाला म्हणाला, शाळा. रिव्हिजन एफ मध्ये हजेरीच्या कार्डांचं कपाट होतं. कुरियरवाला म्हणाला, फ्रीज. रिव्हिजन के बघून फुलवाल्या बाई एवढंच म्हणाल्या की छान आहे, पण आमच्याकडे नको. भीती वाटते का, हा शेवटचा प्रश्न अण्णा सगळ्यांना अगदी आदराने विचारत, आणि लोकही तितक्याच आदराने नाही म्हणत. प्रत्येक नकारानंतर ते कागद सोलून काढत, घडी न घालता आत नेत, आणि दारातून मला हाक मारून तारीख लिहायला लावत. चेक्ड हा रकाना मोकळाच राही.

रिव्हिजन पी हे पाप माझं. मी सांगितलं, अण्णा, बाकीचे सगळे चेहरे लावतात, लाल डोळे, उघडं तोंड, तुम्हीही लावा. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी चेहरा काढून घेऊन आले. कंपास लावून काढलेला, डावी बाजू आणि उजवी बाजू केसभराने वेगळी नाही, आणि दात गिअरसारखे, समान अंतरावर, एकेक मोजून. इतकं भयंकर काही मी आजवर बघितलेलं नव्हतं. शहाळीवाला रेघेवरून एक पाऊल मागे गेला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही आलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या प्लॉटवर बांधकाम करणारा मेस्त्री येऊन मोठ्या नम्रपणे तो कागद मागून घेऊन गेला, आणि संध्याकाळी तो त्या अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोरीने टांगलेला दिसला, खाली लिंबू-मिरची बांधून. इथे बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड टांगतात, हे अण्णा जन्मल्यापासून बघत आले होते, पण काढताना त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या तर कुठून येणार. अजून दोघांनी त्याच्या प्रती मागितल्या. फुलवाल्या बाईंनीही एक नेली, आता मात्र त्यांना ती घरी चालत होती. मला हसू आवरेना. अण्णा मात्र दोन दिवस खडूच्या रेघेवर खुर्ची टाकून वर बघत बसले. लोक येत, नजर वर जाई, आणि लगेच खाली उतरून आपल्या रस्त्याला लागे.

"आपल्याला लोकांची नजर पाहिजे," तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "आणि मी नजर परत पाठवायचं चित्र काढलंय बघ."

मग माझं हसू गेलं. पी रद्द झालं, आणि त्यानंतर अण्णा बदलले. क्यू, आर, एस ही चित्रं एकाच आठवड्यात आली आणि एकाच आठवड्यात गेली. टी आणि यू तर त्यांनी फाटकावर लावलीसुद्धा नाहीत. रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेन्सिली लावून ते टेबलाशी बसत आणि दुपारपर्यंत एक रेघ ओढत. आनेकलचा चेकर असता तर एका नजरेत चूक सांगितली असती, असं ते एकदा बोलून गेले, मग माझ्याकडे बघून ओशाळले. अक्का मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "तुम्ही स्वल्प हो म्हणून टाका की. जेवत नाहीत ओ हे नीट." मी मान डोलावली. मलाही हे संपायला हवं होतं, आणि त्यांच्या जेवणाची काळजी हे त्यातलं निम्मंच कारण होतं.

झेड आलं त्या दिवशी मी बेळ्ळंदूरहून घरी यायला दोन तास घेतले होते. दिवसभर ऑफिसात कुणाची तरी बोलणी खाल्ली होती, नंतर सिग्नलवर स्वतःची खात बसलो होतो. फाटकाशी अण्णा उभे होते, कागद चिकटवलेला होता, दिवे लागायची वेळ झाली होती. चित्रात कारखान्याचं मोठं लोखंडी फाटक होतं, काळंभोर, आणि त्यातला छोटा दिंडी दरवाजा किलकिला उघडा होता, आतल्या पिवळ्या उजेडाची एक फट तेवढी दिसत होती. हे सगळं मला जवळून दिसलं. रेघेपर्यंत जायला रस्ता ओलांडावा लागला असता. आठ मीटर सतरा सेंटिमीटर. मी तिथेच उभ्या उभ्या म्हटलं, दिसतंय अण्णा, छान दिसतंय, आणि त्यांच्या हातातलं पेन घेऊन सही ठोकली.

नऊ महिन्यांतली माझी पहिली सही. सहीवर फुंकर घालून अण्णांनी कागद सोलून काढला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र दुकानात गेलं आणि पुढच्या आठवड्यात गेम आला.

आला म्हणजे कुणालाच कळला नाही. लालभडक किंचाळणाऱ्या तोंडांच्या रांगेत आमचा एक काळा चौकोन. मी ऑफिसातल्या सगळ्यांना दुवा पाठवला होता. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तो उघडला आणि मान वर करून सहज म्हणाली, "तुझं चित्र लोड होत नाहीये बहुतेक." मी तिच्या पडद्याकडे बघितलं. चित्र पूर्ण लोड झालं होतं. फट, उजेड, दरवाजा, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. रस्ता ओलांडायला जेमतेम दहा पावलं लागली असती.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णा सकाळी एकदा कॉम्प्युटर उघडत, आत किती लोक गेले ते बघत, बंद करत आणि कुंड्यांना पाणी घालत. कुणी गेलेलं नसे. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि नेमकं तेच मला सहन होईना. कारखान्यात चुकीचा भाग तयार झाला तर आधी चेकरला बोलावत, काढणाऱ्याला नंतर, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. शेवटी एका रविवारी मी खाली गेलो आणि सांगून टाकलं की झेड मी तपासलंच नव्हतं, दमलो होतो, रेघेपर्यंत गेलोच नव्हतो.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "बघून केलेल्या सहीत पेन स्वल्प थांबतं कुठेतरी. तुझं थांबलं नाही."

मग तरी पाठवलं का, असं मी विचारलं. सही झालेलं ड्रॉइंग आपण उभ्या आयुष्यात अडवलेलं नाही, हे उत्तर त्यांनी लगेच दिलं. मग कुंडीतली वाळलेली पानं खुडत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांनाही कंटाळा आला होता. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तू आत गेलायस का रे कधी?"

मी गेलो नव्हतो. नऊ महिने, चोवीस चित्रं, आणि त्या फाटकातून मी स्वतः एकदाही आत गेलो नव्हतो. ज्याच्या दारावर साऱ्या जगाने टकटक करावी म्हणून आम्ही दोघं झुरत होतो, तिथे वर राहणारा भाडेकरूही फिरकला नव्हता. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

वर येऊन मी 'सेकंड शिफ्ट' उघडला. बाहेर खरोखरच दुपारचे अडीच वाजत होते. दिंडी दरवाज्यातून आत जाताना पडदा खाली झुकतो, कारण तिथे वाकावंच लागत असे. आत गेल्यावर भोंगा झाला आणि कुणीही आलं नाही. छपराच्या काचांतून ऊन खाली उतरत होतं, यंत्रांवर कापडं घातलेली होती, हजेरीच्या कपाटात सगळी कार्डं आपापल्या खणात होती. मी चालत राहिलो. माझ्याच पावलांचा आवाज शेडच्या त्या टोकाला जाऊन परत येत होता. भर दुपारी, खाली अक्कांच्या कुकरची शिट्टी ऐकू येत असताना, मी घाबरलो. अण्णांचं सगळं बरोबर होतं.

ड्रॉइंग ऑफिस वर होतं, लोखंडी जिन्याने. दोन टेबलं. एकावर अण्णांचा बोर्ड आणि दुसरं चेकरचं, खिडकीजवळ, उंच स्टुलासकट. चेकरच्या टेबलावर जुन्या ड्रॉइंगचा गठ्ठा होता, प्रत्येकावर तीच एक बारीक, तिरकी सही, आनेकलच्या माणसाची. सर्वांत वर झेड होतं. त्यावर माझी सही होती, जशी ठोकली होती तशीच, कुठेही न थांबलेली. स्टुलाच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तीन मिलीमीटरच्या सरळ अक्षरांत तिच्यावर माझं नाव लिहिलेलं होतं.

मी त्या स्टुलावर बसलो. गेममध्ये बसता येतं. आणि पहिल्यांदा मी ते चित्र नीट बघितलं, अगदी डोळ्यांजवळ आणून. उजेडाच्या फटीत एक माणूस उभा होता. डाव्या हाताने दिंडी दरवाजा उघडा धरून, बाजूला सरकून, मागून येणाऱ्या कुणाला तरी वाट देत होता. खिशाला दोन पेन्सिली होत्या. थंबनेलमध्ये तो मिलीमीटरभरही नसेल. आठ मीटरवरून तो कुणालाच दिसला नसता, आणि मी त्या दिवशी रस्ता ओलांडला असता तर एवढंच सांगायचं होतं.

मी खाली गेलो. अण्णा टेबलाशी नुसतेच बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, दारातला माणूस दिसत नाहीये. मोठा करायला हवा."

दुकानात आमचा गेम इतका खाली गेला होता की नवं चित्र लावलं तरी ते कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मग त्यांनी खण उघडून कोरा कागद काढला, चारी कोपरे चिकटवले, खाली उजवीकडे चौकट आखली आणि रिव्हिजनपुढे, आयुष्यात पहिल्यांदा, डबल ए लिहिलं. पेन्सिलीला टोक करून त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

"सरी, बरं," ते म्हणाले. "किती मोठा?"